जुन्या हेरल्डचं मागचं सस्पेन्शन: पाना हातात घेण्याआधी

आप्पांची स्टँडर्ड हेरल्ड ही जुनी मोटार आमच्या अमळनेरच्या कापसाच्या जिनिंगमधल्या जुन्या गोदामात बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन चालू होत होतं, बॉडीला गंज फारसा नव्हता. तरी आप्पांनी ती चालवणं सोडलं होतं, कारण कन्नडहून घाट उतरताना एका वळणावर त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडीची मागची बाजू कुणीतरी खालून उचलावी तशी वर येऊन एका अंगाला सरकली. गाडी सावरली, सगळे सुखरूप चाळीसगावला उतरले, पण आप्पांचा भरवसा उडाला तो उडालाच.

त्याच्या काही महिने आधी एका गॅरेजमध्ये या गाडीच्या मागच्या पाट्यात, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक पान (पट्टी) वाढवलं होतं. गाडी मागून बसल्यासारखी दिसते म्हणून. पाटा बसला की पान वाढवायचं हे ट्रक, टेम्पो, जीप या सगळ्यांना चालतं, त्यामुळे त्या मिस्त्रीने आपल्या अनुभवाने योग्य वाटलं तेच केलं. हेरल्डला मात्र ते चालत नाही. उलट घाटात जे झालं ते त्या वाढीव पानामुळेच झालं, हे मला गाडी स्वतः उघडेपर्यंत कळलं नव्हतं. पान वाढवल्याने गाडी कडक झाली, उंच झाली आणि धोक्याची झाली. असं का व्हावं, हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं काम कशासाठी करायचं ते आपोआप कळतं. म्हणून आधी समजून घेऊ, मग खोलू.

आख अखंड आणि आख तुटका

बैलगाडीचा आख डोळ्यांसमोर आणा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत अखंड. डावं चाक ढेकळावर चढलं की आख तिरपा होतो आणि उजवं चाकही तेवढंच कलतं. अँबॅसिडर आणि प्रीमिअर पद्मिनी यांची मागची बाजू तत्त्वाने अशीच आहे. दोन चाकांना जोडणारं एक भक्कम लोखंडी हाऊसिंग, त्याच्या पोटात मधोमध इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारं डिफरन्शियल, आणि हे सगळं धूड दोन बाजूंच्या लांब पाट्यांवर टांगलेलं. चाक उडालं की डिफरन्शियलसकट सगळं उडतं. दणका बसतो, पण रचना इतकी साधी की गावोगावचा मिस्त्री ती डोळे मिटून जोडतो.

हेरल्डमध्ये हा आख मधून कापलेला आहे. डिफरन्शियल चासीला बोल्टने घट्ट बसवलंय, ते चाकांबरोबर हलत नाही. त्याच्या डावी-उजवीकडून एकेक हाफशाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा अर्धा आख, निघतो. प्रत्येक हाफशाफ्टला आतल्या टोकाशी एक युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत क्रॉस. बाहेरच्या टोकाशी चाक. दाराच्या बिजागरीवर दार फिरतं तसा हाफशाफ्ट त्या क्रॉसवर वर-खाली झुलतो. डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्याला त्याचा पत्ता लागत नाही. स्वतंत्र सस्पेन्शन म्हणतात ते हेच, आणि या विशिष्ट प्रकाराला स्विंग ॲक्सल असं नाव आहे.

आता हे झुलतं चाक तोलून कोण धरतं? आडवा पाटा. कोजागरीला सप्तशृंगगडावर कावड घेऊन जाणारे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेले आहेत. कावडीचा बांबू मधोमध खांद्यावर टेकलेला असतो, दोन्ही टोकांना भार लटकतो आणि चालताना टोकं खाली-वर लवतात. हेरल्डचा पाटा हुबेहूब तसा आहे. डिफरन्शियल म्हणजे खांदा. पाट्याचा मध्य त्याच्या डोक्यावर आवळलेला, आणि दोन्ही टोकांना एकेक उभा दुवा लटकतो. त्याला व्हर्टिकल लिंक म्हणतात. त्या दुव्याच्या खालच्या अंगाला चाकाचं बेअरिंग सांभाळणारं हाऊसिंग, म्हणजे ट्रनियन, अडकवलेलं असतं. चाक पुढे-मागे सरकू नये म्हणून प्रत्येक बाजूला एक सळईसारखा आर्म पुढच्या ब्रॅकेटपर्यंत जातो, तो रेडियस आर्म. शिवाय एकेक शॉकअप. बस, एवढाच संसार.

या रचनेचा फायदा खराब रस्त्यावर लगेच जाणवतो. डिफरन्शियलचं ओझं चाकाबरोबर उडत नसल्यामुळे छोटे दणके अंगावर कमी येतात. पण प्रत्येक फायद्याची किंमत इथे कोनात मोजावी लागते. हेरल्डच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर ४ फूट, म्हणजे साधारण १२२ सेंटिमीटर. अखंड आखाच्या गाडीत एक चाक ५ सेंटिमीटर वर चढलं, तर एवढ्या रुंदीवर कल होतो सव्वादोन अंशांच्या आसपास. स्विंग ॲक्सलमध्ये चाक झुलतं ते मधल्या क्रॉसपासून. ते अंतर अंदाजे ४८ सेंटिमीटर धरा. तेच ५ सेंटिमीटर इथे जवळपास ६ अंशांचा कल देतात. सायकलच्या चाकाला ६ अंश कलवून बघा, डोळ्यांना ते सहज दिसतं. चाकाच्या या कलाला कॅम्बर म्हणतात आणि या गाडीची सगळी तब्येत कॅम्बरवर चालते.

शिडीचा पाय

घाटातलं कोडं इथे सुटतं. भिंतीला टेकवलेली शिडी घ्या. तिचा पाय जमिनीवरून भिंतीकडे ढकलला की वरचं टोक भिंतीवरून वर सरकतं. आता गाडी उजवीकडे वळतेय असं समजा. बाहेरचं, म्हणजे डावं मागचं चाक भार घेतं आणि रस्ता त्या टायरला आतल्या बाजूला ढकलतो. टायर जमिनीवर आहे, क्रॉस त्याच्यापेक्षा वर आहे. शिडीचा पाय आत ढकलला गेला, मग वरचं टोक कुठे जाणार? वर. म्हणजे गाडीची मागची बाजू उचलली जाते. ती उचलली की चाक आणखी आत दुमडतं, टायर कडेवर उभा राहतो, पकड कमी होते. त्यात चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला तर वजन पुढे पळतं, मागची बाजू अजून हलकी होते आणि उचलणं वाढतं. आप्पांच्या बाबतीत अगदी असंच घडलं होतं.

आता पान वाढवण्याचा परिणाम पाहा. जास्तीच्या पानाने गाडी मागून उंच झाली. उंच झाली म्हणजे दोन्ही चाकं आधीच खालून आत आणि वरून बाहेर झुकली. शिडी आधीच उभी करून ठेवली, मग जरासा धक्का पुरतो. याउलट गाडी मागून थोडी खाली असेल, चाकं खालच्या बाजूला किंचित फाकलेली असतील, तर उचलायला सुरुवात व्हायलाच बराच जोर लागतो. म्हणून स्विंग ॲक्सलच्या गाडीला मागून उंच करणं हा मी सगळ्यात मोठा गुन्हा मानतो.

हे दुखणं एकट्या हेरल्डचं नाही. स्विंग ॲक्सलची कल्पना एडमुंड रुम्प्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याची, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. फोक्सवॅगन बीटलने ती जगभर नेली. अमेरिकेत शेव्हर्ले कोर्व्हेअरच्या १९६० ते १९६३ च्या गाड्यांवर ग्राहकांच्या बाजूने लढणारे रॅल्फ नेडर यांनी याच मुद्द्यावरून टीका केली होती. ट्रायम्फ हेरल्ड ब्रिटनमध्ये १९५९ साली आली. तिचं देखणं रूप इटलीच्या जोवानी मिकेलोत्ती यांचं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती ९४८ सीसी इंजिनासह स्टँडर्ड हेरल्ड म्हणून आपल्याकडे बनवली. पुढे तिच्याच आधारावर त्यांनी गॅझेल काढली तेव्हा मागे सरळ अखंड आख घातला, कारण आपल्याकडच्या मिस्त्रींना तो झुलता आख फारसा रुचला नव्हता. ब्रिटनमध्ये मात्र उपाय वेगळे निघाले. १९६८ मध्ये ट्रायम्फच्याच जीटी६ आणि व्हिटेस या गाड्यांच्या दुसऱ्या आवृत्त्यांना खालून विशबोन, म्हणजे चाकाला धरणारा दुहेरी आर्म, दिला गेला. १९७० च्या अखेरीस आलेल्या ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ४ मध्ये पाट्याचं फक्त खालचं पान घट्ट आवळलं आणि बाकीची पानं मधोमध डुलती ठेवली. वळणावर पाटा बाहेरच्या चाकाला खाली ढकलत राहण्याचं बंद झालं आणि उचलणं बरंचसं थांबलं. स्पिटफायर आणि हेरल्ड यांचे सांधे बहुतांशी एकाच घरचे, त्यामुळे बुश (सांध्यात बसणाऱ्या रबरी किंवा नायलॉनच्या नळ्या), सील, क्रॉस आजही ब्रिटनमधून मागवता येतात. हेरल्ड बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मोठाच आधार आहे.

आधी ओळंबा, मग पाना

आमच्या कामाला मदत केली ती एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या नानांनी. त्यांनी गाडी गोदामातून बाहेर काढायला लावली, दोन फेऱ्या मारल्या, मागच्या कोपऱ्यावर हात ठेवून चार वेळा दाबलं आणि म्हणाले, "गाडी मांगून डोलस. पाटाना दोष नई, रबर गयेल शे." तोवर मी नवीन पाटा शोधत होतो. रबराबद्दलचं नानांचं म्हणणं शेवटी खरं ठरलं.

खोलण्याआधी मोजणं सगळ्यात महत्त्वाचं. एकदा गाडी उघडली की ती कशी उभी होती हे कुणालाच आठवत नाही. सपाट फरशीची जागा बघा. टायरमध्ये सारखी हवा भरा. पेट्रोलची टाकी अर्धी ठेवा आणि पुढच्या सीटवर ठरावीक वजन. आम्ही गव्हाची ५० किलोची दोन पोती ठेवली, म्हणजे नंतर मोजतानाही तेच वजन ठेवता आलं. गवंड्याचा ओळंबा मागच्या रिमच्या वरच्या कडेशी धरायचा आणि दोऱ्यापासून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं अंतर मोजायचं. हेरल्डला १३ इंची चाकं आहेत, रिमच्या बाहेरच्या कडेपर्यंत व्यास साधारण ३५ सेंटिमीटर येतो. तेव्हा वर-खाली ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळपास १ अंश. आमच्या गाडीत तो १८ मिलिमीटर निघाला, तोही खालून आत झुकलेला. म्हणजे ३ अंश उलट्या दिशेला. मग पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरी ताणून मागची चाकं सरळ बघतायत की तिरकी, तेही नोंदवलं. सगळं एका वहीत, तारखेसह.

खोलताना गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घ्यायची, तीही चासीखाली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही. पुढच्या चाकांना दगड किंवा ओंडका लावायचा. एक गोष्ट इथे आवर्जून सांगतो. या गाडीत चाक खाली किती लटकावं हे शॉकअप ठरवतो. शॉकअपचा खालचा बोल्ट काढला की चाक आणखी खाली पडतं, क्रॉसवर आणि ब्रेकच्या होजवर ताण येतो, आणि पाट्यात साठलेला जोर एकदम सुटतो. म्हणून आधी व्हर्टिकल लिंकखाली जॅक लावून भार घ्यायचा, मग बोल्ट काढायचा आणि हळूहळू जॅक सोडायचा. ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल त्याआधीच वेगळी केलेली हवी.

यानंतर रेडियस आर्म सोडवला, ट्रनियनचा बोल्ट काढला आणि आतल्या बाजूचे चार नट काढले की एका बाजूचा हाफशाफ्ट, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि ट्रनियनसकट अख्खा बाहेर येतो. सांगायला एक ओळ, करायला आम्हाला दोन दिवस लागले. कारण ट्रनियनचा बोल्ट. हा बोल्ट एका लोखंडी नळीतून जातो, नळीभोवती नायलॉनचे बुश. बाहेरची सीलं गेली की पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आत शिरतो आणि उन्हाळ्यात तो विटेसारखा वाळतो. बोल्ट आणि नळी गंजून एकजीव होतात. गंज सोडवणारं तेल आठवडाभर पाजूनही आमचा डावीकडचा बोल्ट हलला नाही, शेवटी दोन्ही बाजूंनी हॅक्सॉने कापावा लागला. हे कापणं मी पराभव मानत नाही. बोल्ट, नळी, बुश, सील आणि वायसर हा सगळा संच स्वस्तात नवीन मिळतो. हातोड्याने ट्रनियनचं हाऊसिंग तडकलं तर मात्र तसं दुसरं शोधत बसावं लागतं.

हब, बेअरिंग, क्रॉस

हब हाफशाफ्टच्या निमुळत्या टोकावर किल्लीसह घट्ट चेपून बसलेला असतो. नट काढला तरी तो हलत नाही. त्यासाठी हबच्या चारही स्टडना धरणारा जाड पुलर लागतो. दोन पायांचा साधा पुलर लावला की हबची चकती वाकते आणि नंतर ब्रेकड्रम लडबडत फिरतो. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारणं तर विसराच. आमच्या उजव्या शाफ्टचे आटे पूर्वी कुठल्यातरी गॅरेजमध्ये असेच ठोकून फुलवलेले निघाले, ते लेथवर नीट करून घ्यावे लागले. अख्खा संच प्रेस असलेल्या ठिकाणी नेणं हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग. धुळ्याला किंवा जळगावला एका फेरीत दोन्ही बाजूंचं काम होतं.

हब निघाला की बेअरिंग दिसतात. बाहेरचं गोळ्यांचं, आतलं बारीक सुयांचं. या सुयांच्या बेअरिंगची एक खोड आहे. त्याला आतली रिंग नाही, सुया थेट शाफ्टच्या अंगावर फिरतात. ग्रीस संपलं की शाफ्टवर चर पडतो. तपासायची पद्धत सोपी आहे. तो भाग स्वच्छ पुसा आणि अंगठ्याचं नख आडवं फिरवा. नख अडलं तर शाफ्ट गेला, नवीन बेअरिंग घालून उपयोग नाही, काही महिन्यांत तेही खाल्लं जाईल. वेल्डिंग करून लेथवर उतरवण्याचा सल्ला मिळतो, पण या शाफ्टवर गाडीचं वजन आणि इंजिनाची ताकद दोन्ही एकाच वेळी येतात. इथे वेल्डिंगचा जुगार मी खेळणार नाही.

क्रॉस हातात घेऊन चारही दिशांना हलवायचा. कुठे खट्ट लागलं, कुठे अडखळलं की बदलायचा. नवा बसवताना व्हाइस आणि दोन सॉकेट पुरतात, पण प्रत्येक कप सरळ जातोय ना हे पाहत राहायचं. एखादी सुई आडवी पडली की कप पूर्ण बसत नाही आणि त्याला अडवणारी रिंग, म्हणजे सर्क्लिप, खाचेत जात नाही. अशा वेळी सर्क्लिप घासून बारीक करण्याचा मोह होतो. कप परत काढा, सुई सरळ करा.

डिफरन्शियल बाहेर काढायचा की नाही हा प्रश्न आला. आमच्या डिफरन्शियलमधून आवाज येत नव्हता, पण दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलमधून तेल गळून ब्रेकशूपर्यंत पोहोचलं होतं. सील बदलताना त्याचं हवा सोडणारं छिद्र मोकळं आहे ना ते नक्की पाहा. ते चिखलाने बुजलं की आत गरम हवेचा दाब वाढतो आणि नवं सीलही गळायला लागतं. आतलं तेल ९० नंबरचं गिअर ऑइल, तेही ईपी, म्हणजे जास्त दाब सोसणाऱ्या, प्रकारचं. डिफरन्शियल ज्या रबरांवर चासीला बसतो ती रबरं पावासारखी भुसभुशीत झाली होती. खांदाच डळमळीत असेल तर कावड स्थिर कशी राहील? नाना म्हणाले होते ते हेच रबर.

पाटा

पाटा काढायला मागच्या सीटखालचं झाकण उघडावं लागतं, कारण आवळणारे नट वरून आहेत. पाट्याची पुढची बाजू कोणती ते काढण्याआधी रंगाने खूण करून ठेवा.

आमचा पाटा उघडला तेव्हा ते वाढीव पान निघालं. रुंदी सारखी, जाडी वेगळी, वळण तर फारच वेगळं. ते बाजूला ठेवलं. बाकीची पानं तारेच्या ब्रशने घासली, तडे बघितले. पानांच्या टोकांशी छोट्या गुंड्या असतात, त्या पानांना एकमेकांवर घासू देत नाहीत. त्या झिजून सपाट झाल्या होत्या, त्यामुळेच पाटा करकरत होता. गुंड्या नव्या घातल्या.

मूळ पाटा खरोखर थोडा बसलेला होता. त्याला पुन्हा वळण देण्यासाठी आपल्याकडे पाटेवाले आहेतच, पण त्यांना आधीच सांगा की कमान थंड असतानाच, एरणीवर ठोकून चढवायची. पान भट्टीत लाल करून वाकवलं की त्याचा मूळचा ताव उतरतो. मग त्याला पुन्हा नेमक्या उष्णतेवर पाणी द्यावं लागतं, आणि ते अंदाजाने केलं तर पान एक तर मऊ पडतं किंवा काचेसारखं तडकतं. दुसरी गोष्ट, कमान किती चढवायची ते पाटेवाल्यावर सोडू नका. पाट्याला उंची देणं हे त्याचं कौशल्य आहे आणि तो प्रेमाने जास्तच देईल. दोन्ही बाजू सारख्या चढल्यात का हे जमिनीवर खडूने आखून, दोन्ही अर्ध एकमेकांवर ठेवून बघा. माझं मत विचाराल तर मूळ मापाचा नवा पाटा मिळत असेल आणि परवडत असेल तर तो घ्यावा.

बुश रबरचे घ्यायचे की पॉलीयुरेथेनचे, यावर खूप मतं आहेत. पॉलीचा बुश टिकतो, चाक जागेवर घट्ट धरतो. पण आपल्या रस्त्यांचा प्रत्येक खडा तो चासीपर्यंत पोहोचवतो आणि धुळीत करकरतो. मी रबर निवडलं. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हात रबर लवकर कडक होतं हे मान्य. त्यासाठी दर काही वर्षांनी ते बदलायची माझी तयारी आहे.

शेवटचा फेर कधी आवळायचा

जोडणी उघडण्याच्या उलट क्रमाने होते, त्यात सांगण्यासारखं फार नाही. एक गोष्ट सोडून, आणि त्या एका गोष्टीपायी आम्ही एकदा जोडलेलं परत सैल केलं.

रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. त्याची आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते, बाहेरची बाजू दुव्यात घट्ट बसलेली असते, आणि मधलं रबर पिळ घेतं. चाक वर-खाली झालं की रबर थोडं पिळवटतं आणि परत येतं. आता गाडी घोड्यांवर आहे, चाकं लटकतायत आणि अशातच बोल्ट करकचून आवळला तर रबराच्या दृष्टीने लटकलेली स्थिती हीच विश्रांतीची जागा होते. गाडी खाली उतरवल्यावर पाटा दबतो, चाकं वर येतात आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. ओला टॉवेल पिळून तसाच बांधून ठेवावा तसं. काही महिन्यांत ते फाटतं. त्याहून वाईट म्हणजे तोपर्यंत ते पिळलेलं रबर गाडीला वर रेटत राहतं, आणि मागची बाजू उंच राहिली की काय होतं ते आता तुम्हाला माहीत आहे.

आम्ही पहिल्यांदा उत्साहाने सगळं वरच आवळलं. गाडी उतरवली, ओळंबा लावला, तर नवा पाटा बसवल्यासारखी ती उंच उभी. सगळे रबरी बुशांचे बोल्ट पुन्हा सैल केले, गाडी चाकांवर उतरवली, गव्हाची पोती ठेवली, पुढे-मागे ढकलून मागचा कोपरा दाबून-सोडून बसवला आणि मग गाडीखाली आडवं होऊन प्रत्येक बोल्ट आवळला. हेरल्डखाली तेवढी जागा असते. नसेल तर मागची चाकं चार इंची फळ्यांवर चढवा, वजन मात्र चाकांवरच राहिलं पाहिजे.

यानंतर दोरी ताणून चाकांची दिशा पाहिली. रेडियस आर्मच्या ब्रॅकेटमध्ये पातळ पत्र्याच्या शिम असतात. त्या कमी-जास्त केल्या की चाक पुढून आत किंवा बाहेर बघतं. जुन्या शिम किती होत्या ते बाजूवार लिहून ठेवलं असेल तर हे काम अर्ध्या तासात होतं, नाहीतर दिवस जातो.

पहिले दोनशे किलोमीटर आम्ही गाडी अमळनेर-धुळे रस्त्यावरच फिरवली. मग हाफशाफ्टच्या आतल्या बाजूचे ते चार नट, रेडियस आर्म आणि शॉकअपचे बोल्ट पुन्हा तपासले, दोन नट पाव फेरा घेऊन गेले. ब्रेकची हवा दुसऱ्यांदा काढली. हबमध्ये ग्रीस भरलं, तेही हाताच्या ग्रीसगनने आणि हळूहळू, कारण जोर लावला की ग्रीस सीलमधून ब्रेकड्रममध्ये उतरतं. शेवटी तीच सपाट फरशी, तेवढीच अर्धी टाकी, तीच दोन पोती आणि तोच ओळंबा. डावीकडे ६ मिलिमीटर, उजवीकडे ५, दोन्ही चाकं खालच्या बाजूला किंचित फाकलेली. वहीत १८ च्या खाली हे आकडे लिहिले आणि पुढच्या रविवारी आप्पांना शेजारच्या सीटवर बसवून कन्नडचा घाट उतरलो, वळणाच्या आधीच वेग कमी करून आणि वळणात पाय स्थिर ठेवून.